आजाऱ्याच्या उशाशी त्याचेच गाणे
(गिलान-सेवेचा एक अभ्यासपाठ)

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आला आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागत आनंदांसह निवासस्थाने पाहत तेथे आले. तुझी सेवा करणारा कोणी नाही काय, असे त्यांनी विचारले. मी इतरांच्या काही कामाचा नाही, म्हणून कोणी माझी सेवा करीत नाही, असे त्या भिक्खूने सांगितले. तेव्हा तथागतांनी पाणी मागविले. त्यांनी पाणी ओतले, आनंदांनी अंग धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर निजविले. पुढे संघाला बोलावून त्यांनी बजावले की, ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. पूज्य बाबासाहेबांनीही १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा प्रसंग आवर्जून घेतला आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना ही कथा ठाऊक आहे. परंतु तिच्या लगतच महावग्गात आजाऱ्याची सेवा करणाऱ्याचे जे पाच गुण सांगितले आहेत, त्यांचा अभ्यास आपल्याकडे फारसा होत नाही. ते गुण समोर ठेवून, मरणासन्न रुग्णाच्या सेवेत संगीताचा उपयोग कसा करावा, याचा विचार आपण प्रस्तुत पाठात करणार आहोत.

सेवकाचे पाच गुण

पहिला गुण, औषध तयार करता येणे व देता येणे. दुसरा, रुग्णाला काय मानवते आणि काय मानवत नाही हे ओळखून मानवेल ते जवळ आणणे व न मानवेल ते दूर करणे. तिसरा, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे. चौथा, मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस न करणे. पाचवा, वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाचे मन प्रसन्न करता येणे.

आपल्या घराघरांतून पहिला आणि चौथा गुण पुष्कळ दिसतो. लेकी-सुना रात्र रात्र जागतात, मुलगे रजा काढून दवाखान्यात बसतात. दुसरा आणि पाचवा गुण मात्र मागे पडतो. रुग्णाच्या मनाला काय मानवते, हे आपण रुग्णाला विचारत नाही. आपणच ठरवून टाकतो. या पाठाचा सारा भर याच एका मुद्द्यावर आहे.

श्रवणाचा आधार आपल्या परंपरेत नवा नाही. संयुत्त निकायात महाकस्सप आजारी असता तथागतांनी त्यांना सात बोज्झंग ऐकविले, असे आले आहे. पुढे तथागत स्वतः आजारी पडले तेव्हा त्यांनी चुंदाकडून तेच बोज्झंग म्हणवून घेतले. अंगुत्तर निकायात आनंदांनी आजारी गिरिमानंदांना दहा संज्ञा ऐकविल्याची कथा आहे. हे संगीत नव्हे, हे खरे. पण येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. महाकस्सपांनी ज्याची जन्मभर साधना केली, तेच त्यांच्या कानी पडले. परक्याचे काही त्यांच्यावर लादले गेले नाही. आजारी माणसाला आधार मिळतो तो त्याच्या स्वतःच्या ठेव्यातून, असा बोध आम्ही यातून घेतो.

हॉस्पिस म्हणजे काय?

ज्या रोगावर आता इलाज चालत नाही, अशा रुग्णाच्या वेदना कमी करून त्याचे उरलेले दिवस सुसह्य करणारी सेवा म्हणजे हॉस्पिस. या सेवेला आधुनिक रूप दिले ते इंग्लंडच्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी. त्या आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. मरणाऱ्या माणसाची वेदना केवळ शरीराची नसते. ती मनाची असते, घरादाराच्या काळजीची असते आणि जगण्याच्या अर्थाविषयीचीही असते, हे त्यांनी मांडले. या साऱ्या वेदनेला त्यांनी 'समग्र वेदना' असे नाव दिले. दुःखाचा विचार ज्या धम्माच्या केंद्रस्थानी आहे, त्या धम्माच्या अनुयायांना ही कल्पना परकी वाटू नये.

आपल्या देशातील पहिले हॉस्पिस म्हणजे मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी सुरू केलेले शांती अवेदना सदन. पुढे केरळात कालिकत येथे १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल व डॉ. सुरेश कुमार यांच्या पुढाकाराने जी उपशामक सेवा सुरू झाली, तिने रुग्णाच्या घरी जाऊन सेवा देण्याचा मार्ग रुळविला. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला संस्थेचे केंद्र चालू आहे. तरीही आपल्या वस्त्यांतील बहुसंख्य माणसे घरीच, एका खोलीत, चार माणसांच्या वावरातच शेवटचा श्वास घेतात. म्हणून हा पाठ केवळ हॉस्पिसच्या कार्यकर्त्यांसाठी नाही. तो प्रत्येक घरासाठी आहे.

हॉस्पिसच्या सेवेत संगीत लवकरच आले. कॅनडातील माँट्रियल येथे डॉ. बाल्फोर माउंट यांनी १९७५ साली रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात उपशामक विभाग सुरू केला. तेथे संगीतोपचार करणाऱ्या सुझन मन्रो यांनी व डॉ. माउंट यांनी १९७८ साली आपल्या कामावर लेख प्रसिद्ध केला. तेव्हापासून या विषयाचा शास्त्रीय अभ्यास वाढत गेला.

'त्याचेच गाणे' कशासाठी?

संगीतोपचार आणि संगीतश्रवण यांत फरक आहे. संगीतोपचार हा प्रशिक्षित व्यक्तीचा व्यवसाय आहे. ती व्यक्ती रुग्णाच्या श्वासाच्या लयीनुसार वाजविते, गाते, बोलते. संगीतश्रवण मात्र घरचे माणूसही घडवू शकते. ते रुग्णाच्या आवडीनुसार निवडलेले असेल तर त्याला व्यक्तिगत संगीतश्रवण म्हणतात.

अमेरिकेतील परिचारिका-संशोधक लिंडा गर्डनर यांनी १९९० च्या दशकात या पद्धतीची मांडणी केली. स्मृतिभ्रंश झालेल्या ३९ वृद्धांवरील त्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात एका काळात प्रत्येकाला त्याच्या पूर्वायुष्यातील आवडीचे संगीत ऐकविले आणि दुसऱ्या काळात सर्वांना सारखेच, मन शांत करणारे म्हणून निवडलेले पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकविले. स्वतःच्या आवडीच्या संगीताने त्या वृद्धांची तगमग अधिक कमी झाली. म्हणजे 'शांत संगीत' अशी सर्वांना लागू पडणारी गोष्ट नसते. एकाला जे शांत करते ते दुसऱ्याला परके वाटते.

असे का होते? माणसाला आयुष्यातील साधारण १० ते ३० या वयातील आठवणी अधिक ठळकपणे आठवतात, असे स्मृतीचे अभ्यासक सांगतात. त्या वयात ऐकलेल्या गाण्यांबरोबर माणसे, घरे, कामे, चळवळी बांधलेल्या असतात. गाणे लागले की ती सारी पुन्हा जवळ येतात. चारी बाजूंनी यंत्रे, सुया आणि अनोळखी चेहरे असताना ओळखीचे काहीतरी हाती लागते, लक्ष वेदनेवरून काही काळ दुसरीकडे वळते आणि शरीराचा ताण सैल होतो.

शास्त्रीय पुराव्याविषयीही स्पष्ट असले पाहिजे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात घरी हॉस्पिस सेवा घेणाऱ्या ८० कर्करुग्णांपैकी ज्यांना संगीतोपचार मिळाला, त्यांच्या जगण्याचा दर्जा इतरांपेक्षा चांगला राहिला. मात्र त्यांचे आयुष्य वाढले नाही. २०१३ साली क्लीव्हलँड येथील २०० रुग्णांवरील अभ्यासात संगीतोपचाराच्या एकाच बैठकीने वेदना कमी झाल्याचे आढळले. उलट, अमेरिकेतील ५४ शुश्रूषागृहांत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना आवडीचे संगीत ऐकविण्याचा जो मोठा प्रयोग झाला, त्याचा २०२२ सालचा निष्कर्ष असा की, कर्मचाऱ्यांनी दिलेल्या माहितीनुसार तगमगीत लक्षणीय फरक पडला नाही. सारांश, संगीत हा चमत्कार नाही. कोणाला लाभ होतो, कोणाला होत नाही. आणि म्हणूनच रुग्णाकडे पाहत पाहत ते द्यावे लागते.

आपल्या समाजातील एक अवघड प्रश्न

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, १९४० च्या सुमारास खेड्यात जन्मलेली एक आजी आज अंथरुणाला खिळली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला तेव्हा ती १६ वर्षांची होती. तिच्या कानांवर काय काय पडले असेल? पहाटे आईच्या जात्यावरच्या ओव्या. गावच्या भजनातले चोखोबांचे अभंग. तमाशाच्या फडातील ढोलकी. भीमराव कर्डकांसारख्यांनी गाजविलेले आंबेडकरी जलसे. मग वामनदादा कर्डकांची गीते. ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली, तिच्यावरील सिनेमाची गाणी. पुढे जयंतीच्या मंडपातील कव्वाल्या. आजीचा ठेवा हा असा सरमिसळ आहे, कारण तिचे आयुष्यच दोन युगांच्या उंबरठ्यावर गेले आहे.

आता ती आजी म्हणते, मला आईची ओवी ऐकव. किंवा चोखोबांचा अभंग लाव. घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत. मुलगा कार्यकर्ता आहे. त्याला वाटते, आईने अखेरच्या घडीला हे मागावे? लोक काय म्हणतील? तो अभंग न लावता बुद्धवंदना लावतो, आणि तीच दिवसभर चालू ठेवतो.

त्या मुलाची तळमळ आम्ही समजू शकतो. जुन्या गुलामीतून बाहेर पडण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी फार मोठी किंमत मोजली आहे. परंतु लहानपणाची ओवी ऐकणे म्हणजे प्रतिज्ञा मोडणे नव्हे. आजी देव मागत नाही. ती आपली आई मागते आहे. बाबासाहेबांनीही 'अस्पृश्य मूळचे कोण' हा १९४८ सालचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला होता, हे आपण विसरू नये. आणि जात्यावरच्या ओव्यांचे म्हणाल, तर हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यांत भीमरायाच्या ओव्याही आहेत. आजीला नेमकी कोणती ओवी हवी आहे, हे विचारल्यावाचून आपल्याला कसे कळणार? प्रल्हाद शिंदे यांच्या एकाच आवाजात भीमगीतेही आहेत आणि विठ्ठलाची गाणीही आहेत. केवळ गायकाचे नाव कळून भागत नाही.

याच नियमाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. एखाद्या दवाखान्यात सर्व रुग्णांसाठी दिवसभर एकच भक्तिसंगीत लावलेले असते. शेजारच्या खाटेचे नातेवाईक मंत्र लावतात. ज्या उपासकाने जन्मभर जाणीवपूर्वक ते सोडले, त्याला बोलता येत नाही म्हणून ते ऐकत पडून राहावे लागते. हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि नातेवाइकांनी नम्रपणे पण ठामपणे ते बंद करण्याची विनंती केली पाहिजे. आजीच्या खाटेशी अभंग लावणारा आणि या उपासकाच्या खाटेशी तो बंद करविणारा, दोघेही एकच धम्म पाळतात. न मानवेल ते दूर करणे आणि मानवेल ते जवळ आणणे, हाच तो दुसरा गुण.

संगीत शीलाला बाधक आहे काय?

अशी शंका काही उपासक विचारतात. पंचशीलात संगीताचा निषेध नाही. अष्टशीलातील सातव्या शीलात उपोसथाच्या दिवसापुरता नृत्य-गीत-वाद्यांचा त्याग सांगितला आहे. रुग्णाने स्वतः अष्टशील घेतले असेल, तर त्याच्या संकल्पाचा मान राखावा. दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिखाने वीणा वाजवून गायिले, तेव्हा तारांचा स्वर आणि गाण्याचा स्वर एकमेकांशी जुळला आहे, असे तथागतांनी म्हटल्याचे आले आहे. पूज्य बाबासाहेबही उतारवयात व्हायोलिन शिकत होते. तेव्हा रुग्णाच्या सुखासाठी संगीत लावण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष कृती

१. आधी विचारावे. लहानपणी घरात कोण गायचे? लग्नात कोणती गाणी होती? कामावर, गिरणीत, शेतात काय ऐकत होता? जयंतीला कोणते गीत आवडायचे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणते गाणे मुळीच नको? एखाद्या गाण्याशी मृत्यू, भांडण वा ताटातूट जोडलेली असू शकते.

२. रुग्णाला बोलता येत नसेल तर जुन्या माणसांना विचारावे. मुलांपेक्षा बहीण, भाऊ, बालपणीची मैत्रीण, जुना सहकारी यांना अधिक ठाऊक असते.

३. दहा-पंधरा गाण्यांची यादी करावी. गाणी मोबाईलमध्ये आधीच उतरवून घ्यावीत. इंटरनेटवरून थेट वाजविल्यास मध्येच जाहिरात किंचाळते आणि रुग्ण दचकतो. वाजविताना फोन येणार नाही अशी सोय करावी.

४. एका वेळी अर्धा तास पुरे. अंग पुसणे, जखम धुणे, कूस बदलणे यांसारख्या त्रासाच्या कामाआधी किंवा तगमगीची नेहमीची वेळ येण्यापूर्वी ऐकविणे अधिक उपयोगी पडते. तगमग शिगेला पोहोचल्यावर नवा आवाज हा नवा त्रास ठरतो.

५. आवाज बोलण्याहून मोठा नसावा. कानातले यंत्र वापरणाऱ्या रुग्णाला ते आधी लावून द्यावे. ज्याला स्वतःच्या हाताने हेडफोन काढता येत नाही, त्याच्या कानांवर तो चढवून निघून जाऊ नये. उशीजवळ लहान स्पीकर हळू आवाजात ठेवावा. सार्वजनिक खोलीत शेजारच्या रुग्णाचीही संमती घ्यावी.

६. जवळ बसून चेहरा पाहावा. कपाळाच्या आठ्या सैल झाल्या, श्वास संथ झाला, बोटांनी ताल धरला, तर ठीक चालले आहे. भुवया आवळल्या, मान फिरविली, हात झटकला, तर ताबडतोब थांबवावे. डोळ्यांत पाणी आले म्हणजे दुःखच झाले असे नव्हे. हात हाती घेऊन 'बंद करू का?' असे विचारावे.

७. शांतता हाही रुग्णाचा हक्क आहे. आवडीचे गाणेदेखील दिवसभर वाजत राहिले की त्याचा गोंगाट होतो. सोणाला तथागतांनी दिलेला वीणेचा दृष्टान्त येथेही लागू पडतो: तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये.

८. घरच्या माणसाला गाता येत असेल, तर मोबाईल बाजूला ठेवावा. नातीचा बेसूर आवाजही आजीला परका नसतो.

अखेरचे तास

रुग्ण डोळे उघडत नाही, हाकेला ओ देत नाही, तेव्हा त्याला काही कळत नाही असे समजून आपण त्याच्या उशाशीच घरभाड्याच्या आणि वाटण्यांच्या गोष्टी बोलू लागतो. कॅनडातील व्हँकूवर येथील एका हॉस्पिसमधील रुग्णांवरील अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. प्रतिसाद देणे थांबलेल्या रुग्णांपैकी काहींच्या मेंदूंनी, आयुष्याच्या अखेरच्या तासांतही, बदलत्या स्वरांना निरोगी माणसांप्रमाणेच प्रतिसाद दिल्याचे त्यात दिसले. त्यांना अर्थ कळत होता की नाही, हे त्यावरून सिद्ध होत नाही. पण तो ऐकत असेल असे मानून वागणे, हेच करुणेला धरून आहे. त्याचे गाणे हळू लावावे, नावाने हाक मारावी, मैत्रीपूर्ण शब्द बोलावेत. त्रिसरण-पंचशील ऐकण्याची त्याची इच्छा असेल तर तेही त्याच्या ओळखीच्या आवाजात म्हणावे.

मर्यादा

संगीत औषधाची जागा घेऊ शकत नाही. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाणारे मॉर्फिन हे खरे औषध आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कडक अटींमुळे ते मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने त्या अटी सुलभ झाल्या. म्हणून रुग्ण कण्हत असताना गाणे लावून स्वस्थ बसू नये. आधी डॉक्टरांना वेदना सांगावी. पाच गुणांत औषध पहिले येते आणि मन प्रसन्न करणे त्याच्या जोडीला येते, त्याच्याऐवजी नव्हे.

समारोप

महावग्गात ज्याची सेवा करणे सोपे जाते अशा रुग्णाचेही पाच गुण सांगितले आहेत. आपली अवस्था सेवकाला जशी आहे तशी सांगणे, हा त्यांतील एक. आपण आज धडधाकट असताना हा गुण आचरू शकतो. आमची सर्व सभासदांना विनंती आहे की, प्रत्येकाने एका कागदावर 'माझी गाणी' लिहून घरात ठेवावीत: हवी असलेली दहा आणि नको असलेली दोन-चार. विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-आजोबांजवळ बसून त्यांच्यासाठी हा कागद लिहावा. त्या निमित्ताने त्यांच्याजवळची ओवी, जलशातील पद, जुने भीमगीत आपल्या कानी पडेल आणि जपले जाईल. अनित्यता कोणाला टाळता येत नाही. मात्र निघण्याच्या वेळी माणसाच्या कानावर त्याचे स्वतःचे आयुष्य पडावे, एवढे तर आपल्या हाती आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!

स्वाध्याय

१. रुग्णसेवकाचे पाच गुण सांगा. त्यांपैकी दुसऱ्या गुणाचा संगीताशी संबंध स्पष्ट करा.
२. 'समग्र वेदना' म्हणजे काय? ही कल्पना कोणी मांडली?
३. सर्व रुग्णांना एकच 'शांत संगीत' का चालत नाही? २००० सालच्या अभ्यासाच्या आधारे लिहा.
४. आजीने चोखोबांचा अभंग मागितला. तुम्ही काय कराल? कारणांसह चर्चा करा.
५. आपल्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारून तिच्या दहा गाण्यांची यादी तयार करा व प्रत्येक गाण्याशी जोडलेली आठवण एका वाक्यात लिहा.